राजारामपुरीतील खारी टाकी आणि करपलेले कांदळ: एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला आहे. घाट उतरल्यावर खाडीच्या चिखलात कांदळ हे खारफुटीचे जे झाड आपसूक वाढते, ते येथे दिवाणखान्यातील टाकीत लावायचे म्हटले की सर्वांच्या मनात पहिला प्रश्न पाण्याच्या खारटपणाचा येतो. या प्रकरणातही मीठ, लोह, मॅग्नेशियम, नायट्रेट असे सारे काही मोजून झाले होते, आणि ते सारे पाण्यातले होते. टाकीच्या वरच्या फूटभर हवेकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते, आणि झाडाचे दुखणे तिथेच होते.

टाकी राजारामपुरीतील एका कुटुंबाची आहे. कुटुंबप्रमुखांचे शिरोली औद्योगिक वसाहतीत लहानसे मशीन शॉप असल्यामुळे टाकीचे स्टँड, नळजोडण्या आणि दिव्याचा टांगता सांगाडा त्यांनी स्वतःच बनवला आहे, आणि हे काम बाजारात मिळणाऱ्या तयार कामापेक्षा सरस आहे. टाकी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच आहे. तिच्याखाली बंद कपाटात गाळणीचा सम्प, म्हणजे पाणी गाळून वर परत पाठवणारी लहान टाकी, आहे. वाळू आणि दगडांची जागा वजा जाता वरखाली मिळून सुमारे २९० लिटर पाणी फिरते. हे पाणी आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून केलेले असून त्याची क्षारता लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे खुल्या समुद्राएवढी ठेवलेली होती. प्रवाळ आणि समुद्रातून काढलेले प्रवाळखडक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्यामुळे ते घेतलेले नाहीत. त्यांच्याऐवजी भाजलेल्या सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आहेत. मासे मोजकेच, म्हणजे क्लाउनफिशची हॅचरीत वाढलेली जोडी आणि दोन-तीन निळे डॅमसेल, आणि त्यांच्या सोबतीला शंखातले खेकडे व गोगलगायी.

कांदळाची सहा रोपे पावसाळ्याच्या अखेरीस सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एका रोपवाटिकेतून आणली होती. या तपशिलाला महत्त्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली असून सरकारी जमिनीवरील कांदळवने वनक्षेत्र म्हणून अधिसूचित झालेली आहेत. तेव्हा फिरायला गेल्यावर खाडीतून चार शेंगा उपटून आणणे हा निरुपद्रवी छंद राहिलेला नाही. कांदळाची शेंग म्हणजे झाडावर असतानाच फळातून बाहेर येऊन वाढलेले रोप असते. वीतभर ते हातभर लांबीचा हिरवा दांडा, खाली निमुळते टोक आणि वर कोंब अशी त्याची ठेवण. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेली शेंग थेट टाकीत लावता येते. येथे पाच शेंगा टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, वाळू भरलेल्या सच्छिद्र प्लास्टिक टोपल्यांत, खालचा तिसरा हिस्साच रुतेल अशा बेताने लावल्या होत्या. सहावी सर्वांत आखूड होती आणि वर जागा उरली नव्हती, म्हणून घरातील मुलीने ती खाली सम्पमध्ये, कपाटातील लहान दिव्याखाली उभी करून ठेवली. तिच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती, पण निदान झाले ते तिच्यामुळेच.

दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सारे सुरळीत होते. मुळे फुटली, प्रत्येक रोपाने पानांच्या एक-दोन जोड्या काढल्या. मार्चमध्ये वरच्या पाचही रोपांची पाने कडेने तपकिरी पडू लागली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत दोन रोपांचे शेंड्याचे कोंब काळवंडून सुकले.

या दरम्यान घरच्यांनी जे उपाय केले, ते बहुतेक लोक याच क्रमाने करतात. प्रथम लोह कमी पडत असावे असे समजून लोहाचे द्रावण घातले. पाने होती तशीच राहिली, मात्र काचेवर हिरवे शेवाळ माजले. नंतर गावाकडच्या कृषी सेवा केंद्रातून उसावर फवारायचे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण आणून त्यातील थोडे पाण्यात घातले. अशा मिश्रणात तांबे आणि जस्त असते. तांब्याचे जे प्रमाण उसाला पोसते, तेच गोगलगायी आणि खेकड्यांच्या जिवावर उठते, आणि येथेही दोन दिवसांत बहुतेक गोगलगायी मेल्या. पानांच्या पाठीवर बारीक काळे ठिपके दिसल्यामुळे बुरशीची शंका येऊन ताम्रयुक्त बुरशीनाशकाची पुडीही आणून ठेवली होती. सुदैवाने ती फोडलेली नव्हती. कांदळाच्या पानाच्या पाठीवर असे ठिपके जन्मतःच असतात. पान उजेडाकडे धरले तर ते पाठभर सारख्या अंतराने विखुरलेले दिसतात, बोटाने पुसले जात नाहीत आणि त्यांच्याभोवती पिवळे वलय नसते. बुरशीचा डाग असा शिस्तीत पडत नाही.

प्रस्तुत लेखकाने टाकी पाहिली ती या टप्प्यावर. पाने पाहताना ती कोठून बिघडत आहेत याकडे आधी लक्ष दिले. सर्वांत खालचे, जुने पान एकेक करून पूर्ण पिवळे होऊन गळणे ही झाडाची नेहमीची रीत आहे. नवी पाने शिरांमधल्या भागात फिकट पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची उणीव मानता येते. तसेच लक्षण जुन्या पानांवर आले तर संशय मॅग्नेशियमवर घ्यावा. येथे यांपैकी काहीच नव्हते. पानांच्या कडा आणि टोके कागद जळावा तशी तपकिरी झाली होती, मधला भाग गडद हिरवा होता, आणि पंख्याकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्टपणे जास्त करपलेली होती. पानाची पाठ बोटाने चाचपली असता खरखरीत लागली. भिंगाखाली मिठाचे कण दिसले. ही रोपे तिवराची, म्हणजे खारफुटीतल्याच दुसऱ्या एका झाडाची, असती तर त्या कणांचे काहीच वाटले नसते, कारण तिवर आत आलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळ तसे करत नाही. तो मीठ मुळांशीच अडवतो, त्यामुळे त्याच्या पानावर मीठ दिसले तर ते बाहेरून उडालेले आहे असेच समजावे.

पंख्याचा उल्लेख वर ओघात आला, त्याची हकिगत अशी. फेब्रुवारी सरता सरता दुपारी टाकीचे पाणी २९ अंशांवर जाऊ लागले. पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, महाग पडतो, म्हणून उजव्या कडेला संगणकातले दोन लहान पंखे बसवून त्यांचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून डावीकडे सोडण्यात आला. बाष्पीभवनाने पाणी दोन-अडीच अंशांनी उतरले आणि मासे ताजेतवाने झाले. माशांपुरता उपाय चोख होता. झोताच्या दुसऱ्या टोकाला पाच कांदळ उभे आहेत, एवढाच विचार राहून गेला. त्याच वाटेत सम्पमधून वर येणाऱ्या पाण्याचे तोंड होते, तिथे फुटणारे बुडबुडे झोताबरोबर पानांवर जात होते.

घरात एका साखर कारखान्याची भेट म्हणून आलेली डायरी आहे आणि तिच्यात टाकीच्या नोंदी नेटकेपणाने ठेवलेल्या आहेत. त्यांवरून दिसले की हिवाळ्यात आठवड्याला बारा लिटरच्या आसपास पाण्याची भर घालावी लागत होती, ती पंखे लागल्यावर तीस लिटरवर गेली. भर घालण्याचे वार मात्र पूर्वीचेच, बुधवार आणि रविवार, राहिले. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. २९० लिटरमधून चार दिवसांत सतरा लिटर उडाले की ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाते आणि आरओचे पाणी ओतताच पुन्हा ३५ वर येते. ही चढउतार कोणत्याही जिवाला चांगली नाही, आणि कुटुंबप्रमुखांचा सारा संशय तिच्यावरच होता.

तो संशय सम्पमधील सहाव्या रोपाने खोडून काढला. पाणी तेच, क्षारता तीच, चढउतार तीच, लोह आणि उसाचे मिश्रणही त्याच्या वाट्याला तेवढेच आले होते. तरी त्या रोपाची पाने कडेपर्यंत हिरवी आणि चकचकीत होती. फरक दोनच होते: कपाट बंद असल्यामुळे आतली हवा दमट होती आणि तिथला दिवा मंद होता. एका साध्या डिजिटल आर्द्रतामापकाने दुपारी तीनच्या सुमारास टाकीच्या वर २८ टक्के आणि कपाटात ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता दाखवली.

या आकड्यांचा झाडाशी काय संबंध, हे सांगताना थोडे खोलात जावे लागेल. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मीठ मागे ठेवून नुसते पाणी ओढून घ्यायला निदान लागणारा दाब, सुमारे २५ बार असतो. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो हे लक्षात घेतले म्हणजे त्याची कल्पना येईल. अशा पाण्यातून मीठ वगळून गोडे पाणी आत ओढायचे तर झाडाच्या रसवाहिन्यांत त्याहून अधिक ताण सतत ठेवावा लागतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाबपात्र, म्हणजे फांदीवर बाहेरून दाब देऊन आतला ताण मोजणारे भांडे, वापरून खारफुटीच्या फांद्यांवर मोजमापे केली, तेव्हा तो ताण खरोखर तेवढा असतो हे दिसले. म्हणजे कांदळाला पाणी मिळते, पण फार महाग मिळते, आणि म्हणून हे झाड पाण्यात उभे राहूनही पाणी जपून वापरते. जाड, मेणचट पाने हा त्या काटकसरीचाच भाग आहे. खाडीकाठी हवेची आर्द्रता ७५ टक्के धरली तर हवेला अजून २५ टक्के बाष्प सामावता येते. त्याच तापमानाला आर्द्रता ३० टक्के असेल तर ७० टक्के. पानातून पाणी खेचण्याची हवेची ताकद जवळजवळ तिप्पट झाली, आणि वर पंख्याचा झोत. मुळे गाळून देतील त्यापेक्षा जास्त पाणी पान गमावते, आणि पहिल्याने कडा जातात, कारण त्या पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला असतात. पानावर साचलेले मीठ उरलासुरला ओलावाही शोषून घेते.

तथापि कपाटातील दिवा मंद होता ही बाब नजरेआड करता येत नव्हती. जास्त उजेडानेही पानातून अधिक पाणी जाते. म्हणून दोन्ही बदल एकदम केले नाहीत. आधी वरचा एलईडी दिवा पानांपासून वीतभर अंतरावर होता तो सव्वा फुटावर उचलला आणि पंखे होते तसेच ठेवले. पुढच्या दोन आठवड्यांत नव्याने उघडलेल्या पानांच्या कडाही तपकिरी झाल्या. त्यानंतर दिव्याला हात न लावता पंखे डाव्या कडेला, रोपांच्या पाठीमागे नेले, जेणेकरून झोत पानांपासून दूर, उजवीकडे जाईल. पाणी पूर्वीइतकेच थंड राहिले. रोपांच्या दोन बाजूंना ॲक्रिलिकच्या पट्ट्या उभ्या केल्या, परत येणाऱ्या पाण्याचे तोंड पृष्ठभागाखाली वळवले, आणि सकाळ-संध्याकाळ पानांच्या दोन्ही अंगांवर आरओचे पाणी फवारण्याचे काम मुलीने अंगावर घेतले. पट्ट्यांच्या आत दुपारची आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर आली. क्षारतेच्या चढउतारासाठी सम्पमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह बसवून भरीचे पाणी आपोआप येईल अशी सोय केली. ती झाडांपेक्षा माशांसाठी होती हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मॅग्नेशियम लिटरला ११५० मिलिग्रॅम निघाले, ते हळूहळू १३०० च्या जवळ नेले. पाण्यातले तांबे काढायला गाळणीतला सक्रिय कार्बन आणि पाणीबदल एवढे पुरले.

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून गुण आला की नाही हे नव्या जोडीवरूनच ठरवावे लागते, आणि कांदळाची नवी जोडी आवरणातून बाहेर पडायला आठवडे घेते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शाबूत कोंबाच्या तिन्ही रोपांवर नवी जोडी उघडली, तिच्या कडा स्वच्छ होत्या. वळवाचे एक-दोन पाऊस वगळता हवा तेव्हा कोरडीच होती, त्यामुळे श्रेय पावसाळ्याला देता येत नाही. हाच बदल जूनमध्ये केला असता तर काहीच सिद्ध झाले नसते, कारण मृग लागला की कोल्हापूरची हवा स्वतःच खाडीसारखी होते, आणि मग कोणताही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. पुष्कळ हौशी लोकांचे रामबाण इलाज असेच जूनमध्ये सिद्ध झालेले असतात.

शेंडा सुकलेल्या दोन रोपांपैकी एकाने वरच्या पानाच्या बेचक्यातून बाजूचा कोंब काढला. दुसऱ्याला एकही पान उरले नव्हते. त्याचा दांडा नखाने किंचित खरवडला तेव्हा साल हिरवी होती, पण बुडाशी दाबल्यावर बोट रुतले. तो काढून टाकला. कांदळाच्या शेंगेच्या दांड्यावर डोळे नसतात. पानांच्या पेरांच्या खाली ते रोप मेले किंवा कापले गेले तर खालून पुन्हा फुटत नाही, हे छाटणी करू पाहणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

या कुटुंबाने कांदळ लावला होता तो मुळात शोभेसाठी नव्हे, तर माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात साचणारे नायट्रेट उतरावे म्हणून, आणि सहा महिन्यांत नायट्रेट जराही उतरले नाही याची खंत त्यांना पाने करपण्याआधीपासून होती. खाऱ्या टाकीचे सामान विकणारे कांदळाला जिवंत गाळणी म्हणून विकतात. हिशेब मांडला तर ही अपेक्षा टिकत नाही. ४५ टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम कोरड्या खाद्यात सुमारे ७० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. कांदळाच्या एक ग्रॅम वाळलेल्या पानात तो ढोबळमानाने १० मिलिग्रॅम असतो. रोज एक ग्रॅम खाद्य टाकायचे आणि ते सारे झाडांनी उचलावे असे म्हणायचे, तर रोपांनी रोज सात ग्रॅम वाळल्या वजनाची वाढ करावी लागेल. दोन-तीन महिन्यांत पानांच्या दोन जोड्या काढणारी सहा रोपे हे करू शकत नाहीत. मुळांभोवतीच्या खोल वाळूत जिवाणू थोडाफार नायट्रेट फोडतात, तेवढाच लाभ. त्यातून गळलेले पान पाण्यात कुजू दिले तर जे घेतले ते परत आले. म्हणून सम्पमध्ये कायटोमॉर्फा हे तंतुमय शैवाल ठेवून दर पंधरवड्याला त्यातले मूठभर काढून टाकण्यास सांगितले, आणि खाद्य निम्म्यावर आणले. नायट्रेट ऑगस्टपर्यंत ४० वरून १० च्या आसपास आले. त्यात कांदळाचा वाटा नगण्य आहे, आणि तो नगण्य असण्यात झाडाचा काही कमीपणा नाही.

मधल्या काळात एक पर्याय कुटुंबापुढे ठेवला होता: रोपे टाकीतून काढून गच्चीवरच्या टबात, समुद्राच्या निम्म्या क्षारतेच्या पाण्यात लावावीत. कांदळ पूर्ण खाऱ्या पाण्यात तगतो, पण त्याची वाढ सौम्य खाऱ्या पाण्यात अधिक चांगली होते, गोड्या पाण्यातही तो काही काळ वाढू शकतो. मुळांना गाळण्याचे काम कमी पडते. लेखकाचे मत अजूनही त्याच बाजूचे आहे. घरच्यांना मात्र माशांवर सावली धरणारी मुळे दिवाणखान्यातच हवी होती, त्यामुळे बाजूचा कोंब फुटलेले रोप तेवढे टबात गेले. तिथे क्षारता बदलताना घाई केली नाही. टबातले पाणी सुरुवातीला टाकीइतकेच खारे ठेवून तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने १८ वर आणले. पावसात टब उघडा राहिला तर मीठ धुऊन जाते, म्हणून वर पारदर्शक पत्रा आहे. हेच रोप आज पाचांत सर्वांत जोमदार आहे.

सम्पमधील रोप कपाटाच्या छताला टेकले तेव्हा ते वर, मेलेल्या रोपाच्या जागी आणले. दमट हवेत वाढलेली त्याची पाने मोठी आणि पातळ होती, ती थेट बाहेर काढली असती तर पुन्हा तोच प्रकार झाला असता. म्हणून ते आधी कपाटाचे दार रोज थोडे अधिक वेळ उघडे ठेवून सवयीचे केले आणि स्थलांतरासाठी जुलैचा महिना निवडला.

आता प्रश्न जागेचा आहे. आधारमुळे फुटू लागली की ती जाड होतात, दगडांत शिरतात आणि काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनवर रेटा देऊ शकतात. टोपल्यांत लावल्यामुळे हे काही वर्षे टळेल, मात्र टोपलीबाहेर आलेली मुळे दर हिवाळ्यात तपासून कोपऱ्यापासून वळवावी लागतील. दिव्याला टेकण्याआधी शेंडा खुडायचा, पण खाली पानांच्या निदान तीन-चार जोड्या शाबूत असतील तेव्हाच, आणि चारही रोपांचा एकाच वेळी नाही. टाकीतल्या सर्वांत उंच रोपावर सध्या तीन जोड्या आहेत. चौथी पूर्ण उघडल्यावर, बहुधा येत्या नोव्हेंबरात, त्याचा शेंडा प्रथम खुडण्याचे ठरले आहे.